अर्जुननगरचा पदवीधर कुणाचा?

बेळगावात व्हॅक्सिन डेपो म्हणजे टिळकवाडीतलं मोठ्या झाडांचं मैदान. सकाळी फिरायला येणारे पेन्शनर, दुपारी क्रिकेटवाली पोरं, आणि डिसेंबरात सुवर्णसौधात कर्नाटकाचं अधिवेशन भरलं की महाराष्ट्र एकीकरण समितीच्या महामेळाव्याला इथे परवानगी मिळणार की नाही याची चर्चा. या मैदानावर कधीकाळी काय चालायचं हे आता फारसं कुणी बोलत नाही. देवीच्या रोगाविरुद्धची मोहीम भरात होती तेव्हा उन्हाळ्यातही टिकणारी, गोठवून सुकवलेली लस भारतात चार सरकारी संस्थांत तयार होत असे: पटवाडांगर, गिंडी, हैदराबाद आणि बेळगाव. मे १९७५ मध्ये या देशात देवीचा शेवटचा रुग्ण सापडला, त्यामागे बेळगावच्या कुप्याही होत्या.

तेव्हा सरकारी प्रयोगशाळा ही या गावाला परकी गोष्ट नाही. आजही नाही. नेहरूनगरात आयसीएमआरची पारंपरिक औषधांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे. २००६ मध्ये ती प्रादेशिक केंद्र म्हणून सुरू झाली. निपाणीत धारवाड कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र विडीच्या तंबाखूवर काम करत आलंय. त्याशिवाय प्रदूषण नियंत्रण मंडळ, भूजल खातं, वनखातं, आरोग्य खातं, कृषी विज्ञान केंद्र. माती, पाणी, रक्त आणि पाला तपासणारी सरकारी टेबलं या जिल्ह्यात कमी नाहीत. दुसऱ्या बाजूला बेळगावची जीएसएस आणि आरएलएस कॉलेजं, राणी चन्नम्मा विद्यापीठ आणि निपाणीजवळचं देवचंद कॉलेज यांतून दरवर्षी विज्ञानाचे पदवीधर बाहेर पडतात. ही टेबलं आणि ही मुलं यांच्यामध्ये काय आहे, तर जवळजवळ काहीच नाही. पदवी हातात पडल्यावर एक-दोन वर्षं सरकारी प्रयोगशाळेत, नीट पगारावर, एका मार्गदर्शकाच्या हाताखाली, एका खऱ्या प्रश्नावर काम करायची सोय हवी, आणि ती पीएच.डी.च्या नोंदणीशी बांधलेली नको, असं माझं म्हणणं आहे. सीमाभागाला ती इतरांपेक्षा जास्त हवी. का, ते सांगतो.

देवचंद कॉलेजचा पत्ता असा: अर्जुननगर, ता. कागल, जि. कोल्हापूर, व्हाया निपाणी. कॉलेज महाराष्ट्रात, विद्यापीठ शिवाजी, उतरायचं मात्र निपाणीच्या स्टँडवर. १९५६ ला निपाणी म्हैसूर राज्यात गेली. १९६७ च्या अहवालात महाजन आयोगाने ती महाराष्ट्राला द्यावी म्हटलं. महाराष्ट्राने तो अहवालच नाकारला, आणि २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. एवढ्या काळात निपाणीच्या मुलांच्या पिढ्या रोज राज्याची हद्द ओलांडून फिजिक्स-केमिस्ट्री शिकल्या आणि संध्याकाळी चहाच्या वेळेला परत आल्या. शिकण्याला हद्द आडवी आली नाही. ती आडवी येते शिकून झाल्यावर.

निपाणीत एखाद्या झेरॉक्सच्या दुकानात ऑनलाइन अर्ज भरायला आलेल्या मुलीची फाईल बघावी. नाडकचेरीतून काढलेला कन्नड रहिवासी दाखला. त्याचं भाषांतर, त्यावर नोटरीचा शिक्का. वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला, तोही कन्नड, त्याचंही भाषांतर. शिवाजी विद्यापीठाच्या गुणपत्रिका. वादग्रस्त भागात पंधरा वर्षं राहत असल्याचा वेगळा दाखला, कारण २००८ च्या परिपत्रकाने महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या मराठी उमेदवारांना त्याच्या आधारावर राज्याच्या नोकऱ्यांसाठी अर्ज करता येतो. मग दुकानदार स्क्रीनवर 'राज्य' या खान्यापाशी थांबतो आणि विचारतो, "ताई, कुठलं टाकू?" या प्रश्नाचं उत्तर देशातल्या सर्वोच्च न्यायालयाला दोन दशकांत देता आलेलं नाही. पोरीने ते पाच मिनिटांत द्यायचं असतं, कारण मागे रांग आहे.

जातीच्या रकान्यात तर आणखी मजा. दोन चुलतभाऊ घ्या, घराणं मराठा, कुणबी नोंद कुणाचीच सापडलेली नाही. एक कागलला वाढला, दुसरा निपाणीला. कागलचा मुंबईच्या यादीत एसईबीसी, निपाणीचा बंगळूरच्या यादीत '३ ब', आणि दिल्लीच्या यादीत दोघेही खुले. कागलच्या भावाला महाराष्ट्र सरकारच्या 'सारथी' संस्थेच्या संशोधन फेलोशिपसाठी थेट अर्ज करता येतो; निपाणीच्या भावापुढे महाराष्ट्राच्या रहिवासाचा प्रश्न आधी उभा राहतो. कर्नाटकाच्या विज्ञान-तंत्रज्ञान खात्याची पीएच.डी. फेलोशिप आहे, ती कर्नाटकातल्या संस्थेत काम करणाऱ्यासाठी. निपाणीच्या भावाचा ओढा, गाईड आणि ओळखीपाळखी सगळ्या कोल्हापुरात. प्राध्यापकीची सेट परीक्षासुद्धा ज्या त्या राज्यापुरती. देवचंदमध्ये शिकवायचं तर महाराष्ट्राची सेट हवी, हद्दीपलीकडे घराजवळच्या कॉलेजात शिकवायचं तर कर्नाटकाची. अंतर चालत जाण्याइतकं.

यावर कुणीही म्हणेल की केंद्राच्या फेलोशिपा आहेत ना, त्या राज्य विचारत नाहीत. खरं आहे. सीएसआयआर-यूजीसी नेटमधून ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळाली तर जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी सीनिअर झाल्यावर ४२,०००, वर घरभाडं. निपाणी-चिकोडीच्या बाजारात नव्या एम.एस्सी.ला एवढे पैसे कुठली खासगी शाळा किंवा साखर कारखान्याची लॅब देईल? रक्कम चांगली आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार त्या दाराच्या उंचीबद्दल आहे. प्रश्नपत्रिका इंग्रजीत आणि हिंदीत. मराठी आणि कन्नड, दोन्ही माध्यमांची मुलं इथे सारखीच परकी, आणि या एका बाबतीत तरी सीमावाद मिटलाय म्हणायचा. परीक्षा पर्यायी उत्तरांची, त्यामुळे तिची तयारी हा स्वतंत्र धंदा, एम.एस्सी.नंतर वर्षभर पुण्यात खोली घेऊन क्लास लावणाऱ्याला ती जमते. त्या वर्षाचा खर्च घरचा. जो नेटमधून फेलो झाला नाही, पण राज्याच्या विद्यापीठात पीएच.डी.ला लागला, त्याच्यासाठी यूजीसीची नेटविना मिळणारी महिना ८,००० ची फेलोशिपही नाही, कारण ती केंद्रीय विद्यापीठांपुरती. शिवाजी आणि राणी चन्नम्मा, दोन्ही राज्य विद्यापीठं.

पण परीक्षेहून मोठी अडचण वेगळीच आहे, आणि ती फक्त सीमाभागाची नाही. ही फेलोशिप बावीस-तेवीस वर्षांच्या पोराकडून पाच वर्षांचं वचन मागते, आणि त्या पोराने तोवर एकही खरा प्रयोग केलेला नसतो. हे कुणाला झोंबेल, पण बी.एस्सी.चं प्रॅक्टिकल आठवून बघा. ब्युरेट भरायची, पिपेटने दहा मिली घ्यायचं, फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब. पहिलं रीडिंग १०.४ आलं, दुसरं १०.१. आता सीबीआर पाहिजे, म्हणजे किमान दोन रीडिंग सारखी. तिसऱ्यांदा करायला वेळ नाही, ब्युरेटसाठी मागची बॅच उभी आहे. मग गेल्या वर्षीच्या जर्नलात डोकावून १०.२, १०.२, १०.२ लिहायचं आणि सही घ्यायची. सरांनाही ठाऊक असतं. तीन-चार वर्षं पोरगं असे प्रयोग करतं ज्यांचं उत्तर आधीच कुणाच्यातरी वहीत आहे. रीडिंग जुळलं नाही तर तिथे काहीतरी शोधण्यासारखं असू शकतं, ही कल्पनाच त्याच्यापर्यंत पोचत नाही. आणि अशा मुलाला आपण म्हणतो, हे घे ३७,००० आणि पाच वर्षं संशोधन कर. काहींना ते साधतं, ती मुलं जात्याच तशी असतात. बाकीच्यांना दुसऱ्या वर्षी कळतं की हे आपलं काम नव्हे, आणि तोवर माघार घेणं घरी सांगण्यासारखं राहिलेलं नसतं.

२०२३ च्या डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात 'सारथी'च्या फेलोशिपचा विषय निघाला, तेव्हा तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी ही मुलं पीएच.डी. करून काय दिवे लावणार, अशा अर्थाचं विधान केलं. मोठा गदारोळ झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. सत्तेतल्या माणसाने शिकणाऱ्याला असं बोलू नये. पण गदारोळ करणाऱ्या आपण सगळ्यांनी विधानातला टोचणारा भागही सोडून दिला. फेलोशिप हेच काहींचं उपजीविकेचं साधन झालंय, मुदत संपेपर्यंत प्रबंध रेंगाळतो, विषय गाईडच्या सोयीने ठरतो, हे विद्यापीठाच्या आवारात कुजबुजीत सगळे कबूल करतात. त्यावर उपाय म्हणून फेलोशिपा कमी करणं म्हणजे पाटाला पाणी नीट येत नाही म्हणून विहीर बुजवणं. मूल आधी प्रयोगशाळेत वर्षभर राबलेलं असेल तर पीएच.डी.ला जाणारा जाणूनबुजून जाईल आणि न जाणारा वेळेत दुसरीकडे वळेल. दोघांनीही त्या वर्षात काहीतरी कमावलेलं असेल.

ही कल्पना काही माझी नव्हे. अमेरिकेत एनआयएच ही तिथली सरकारी आरोग्य संशोधन संस्था नुकत्याच पदवी घेतलेल्यांना एक-दोन वर्षं आपल्या प्रयोगशाळांत घेते. त्यानंतर कुणी डॉक्टर होतो, कुणी पीएच.डी. करतो, कुणी दोन्हीच्या नादी लागत नाही. तिथल्या इतर केंद्रीय खात्यांसाठी अशाच जागा ओक रिजची एक संस्था भरते. आपल्याकडे होमी भाभांनी १९५७ मध्ये अणुऊर्जेसाठी ट्रेनिंग स्कूल काढलं. विद्यापीठं तयार माणसं पाठवतील याची वाट त्यांनी पाहिली नाही. नवे पदवीधर निवडले, वर्षभर पगारी शिकवले आणि कामाला लावले. भाभांचं स्कूल आजही चालू आहे, पण तिथली चाळण फार बारीक, आणि एका विशिष्ट खात्याची गरज भागवणारी. जिल्ह्याच्या गावात तसं काही उभं राहिलं नाही.

आता खवचट माणूस विचारेल की अशा जागा आहेतच की. सरकारी संशोधन संस्थांच्या संकेतस्थळांवर 'वॉक-इन इंटरव्ह्यू'च्या जाहिराती येतात: प्रकल्पापुरती तात्पुरती जागा, ठराविक मानधन, प्रवासखर्च मिळणार नाही, कायम नोकरीवर हक्क नाही. बरोबर, आणि त्या जाहिरातींमुळेच मी 'फेलोशिप' हा शब्द जपून वापरतो. प्रकल्पाच्या जागेवर घेतलेला माणूस नमुने गोळा करतो, एक्सेलमध्ये आकडे भरतो आणि प्रकल्पाचे पैसे संपले की घरी जातो. आकडे कशाचे होते हे त्याला सांगायची जबाबदारी कुणावर नसते. अमेरिकेतही हा काटा आहेच. डिसेंबर २०२३ मध्ये एनआयएचच्या फेलोंनी मतदान करून कामगार संघटना बांधली. तुम्ही आम्हाला शिकाऊ म्हणता पण काम आम्ही करतो, असा एकूण सूर. मला तो पटतो. म्हणून माझ्या लेखी अटी तीन, आणि तिन्ही कागदावर हव्यात. पगार महिन्याच्या महिन्याला, नाव काहीही असो. एक मार्गदर्शक, ज्याच्या वार्षिक मूल्यमापनात या मुलाचं काम मोजलं जाईल. आणि शेवटी मुलाच्या नावावर एक लेखी अहवाल, जो कुणालाही वाचायला मिळेल.

प्रश्न मिळायला लांब जायला नको. तंबाखूचंच घ्या. ओल्या पानातलं निकोटिन कातडीतून अंगात भिनतं. मळमळ, चक्कर, डोकेदुखी होते. आयसीएमआरच्याच अहमदाबादच्या संस्थेने गुजरातमधल्या तंबाखू कामगारांवर याचा अभ्यास केलाय. निपाणी भागातल्या शेतात शेंडे खुडणाऱ्या बाईला हा त्रास किती होतो? कुठल्या महिन्यात? हातमोजे घातले तर फरक पडतो का, आणि उकाड्यात ते कुणी घालेल का? नंतर वखारीतली धूळ. निपाणीच्या वखारींत पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी तंबाखू चाळलाय, निवडलाय. १९८१ च्या आंदोलनाने शेतकऱ्याच्या दराचा प्रश्न देशापुढे नेला, त्याच सुमारास कामगार बायकांची संघटनाही उभी राहिली. मजुरीवर बोलणं झालं, फुफ्फुसावर कमी झालं. एक पीक-फ्लो मीटर, एक नोंदवही आणि त्या बायकांशी मराठीतून, गरज पडली तर कन्नडमधून बोलू शकणारी एक एम.एस्सी. झालेली मुलगी, एवढ्यावर वर्षभराचं चांगलं काम उभं राहतं. बंगळूरहून आलेल्या पथकाला जे सांगायला वखारीतली मावशी महिनाभर बिचकेल, ते ती या मुलीला पहिल्या आठवड्यात सांगेल, कारण मुलीची आजी तिच्याच शेजारी बसून काम करत होती.

बेळगावच्या शहापूर-वडगाव शिवारात बळ्ळारी नाल्याचं घाण पाणी शेतात शिरतं. तिथला सुवासिक तांदूळ, ज्याला आपण प्रेमाने बेळगाव बासमती म्हणतो, त्या चिखलातून काय काय शोषून घेतो? शेतकरी भरपाई मागायला कचेरीत जातो तेव्हा त्याच्याकडे सांगायला वास असतो, दाखवायला आकडे नसतात. आणि खानापूरच्या जंगलात, भीमगडच्या हद्दीत, बारापेडे गुहेत एक वटवाघूळ राहतं, राउटनचं मोकळ्या शेपटीचं. १९१३ मध्ये जगाला त्याची ओळख झाली ती याच गुहेतून, आणि कित्येक दशकं ते दुसरीकडे कुठे आढळलंच नव्हतं. त्याचा अभ्यास करायला जर्मनीहून माणूस आला तर आपण पेपरात फोटो छापतो. जवळच्या तळेवाडीच्या पोराने तो का करू नये याचं कारण मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

मुलींचं थोडं वेगळं बोललं पाहिजे. विज्ञानाच्या वर्गात मुली पुढच्या बाकांवर आहेत, निकालातही पुढे आहेत. पदवीनंतरचं वर्ष त्यांच्यासाठी मोकळं नसतं. 'स्थळं बघतोय, तोवर काहीतरी करू दे' या सदरात ते मोडतं. त्या 'काहीतरी'त बी.एड., टॅलीचा क्लास आणि शेजारच्या शाळेतली सहा हजारांची नोकरी बसते. पुण्याची पाच वर्षं बसत नाहीत. घरापासून रोज जाऊन-येऊन करता येईल अशी, महिन्याला पैसे आणणारी सरकारी जागा मात्र बापाला शेजाऱ्यापुढे अभिमानाने सांगता येते, आणि एकदा पगार सुरू झाला की स्थळांची घाई आपोआप मंदावते. निपाणीहून बेळगावला जायला शक्ती योजनेत मुलीला तिकीट पडत नाही; कोल्हापूरला एसटीने गेली तर महाराष्ट्राच्या हद्दीत अर्धं पडतं. दोन्ही सरकारांनी बायकांसाठी बस स्वस्त केली, हे उत्तमच झालं. बसमधून उतरून जायचं कुठे, यावर मात्र कुणी बोललं नाही.

आणि आपली चळवळसुद्धा बोलली नाही. सीमालढ्यात माणसांनी लाठ्या खाल्ल्या, जीव दिले, त्यावर मी काही शेरा मारणार नाही. पण मराठी शाळा, मराठी पाट्या, मराठी परिपत्रकं, मेडिकल-इंजिनिअरिंगच्या राखीव जागा या मागण्यांच्या यादीत 'आमच्या मुलांना प्रयोगशाळा' ही ओळ मला दिसत नाही. कन्नड संघटनांच्या यादीतही ती नाही. बेळगाव कुणाचं यावर दोन्हीकडचे हिरिरीने भांडतात, बेळगावात काय शोधलं जातं यावर भांडायला कुणी येत नाही. महाराष्ट्राने सीमाभागाला दिलेल्या सवलती मुलाला तिकडे ओढून नेणाऱ्या आहेत, कर्नाटकाच्या अटी त्याला इकडे अडकवणाऱ्या. त्याला आहे तिथे काम देणारं कलम दोन्हीकडे नाही.

म्हणून हे काम केंद्रीय संस्थांनी करावं. आयसीएमआर आणि आयसीएआर या दोन परिषदांना राज्याच्या हद्दीशी देणंघेणं नाही. एकीची संस्था बेळगावातच आहे, दुसरीचं जाळं कृषी विद्यापीठांच्या केंद्रांपर्यंत पोचतं. हिशेब करायला सोपा आहे: जिल्ह्यात चाळीस जागा, महिना २५,०००, म्हणजे वर्षाला १ कोटी २० लाख. त्यात प्रवास, रसायनं, मीटर धरले तरी दीड कोटीच्या आसपास. एवढ्या पैशात या भागात रस्त्याचा एखादा किलोमीटर होतो आणि पुढच्या पावसाळ्यात वाहून जातो.

निवडीसाठी पर्यायी उत्तरांची परीक्षा नको. अर्जासोबत दोन पानं मागावीत: तुमच्या गावात तुम्हाला काय मोजावंसं वाटतं आणि कसं मोजाल. मराठीत लिहा, कन्नडमध्ये लिहा, इंग्रजीत लिहा. निवड समितीवर शिवाजी विद्यापीठाचा एक आणि राणी चन्नम्माचा एक प्राध्यापक असावा. त्यांचं आपसात पटलं नाही तर संस्थेच्या संचालकाने ठरवावं. जाहिरात अर्जुननगरच्या आणि बेळगावच्या कॉलेजांत एकाच दिवशी बोर्डावर लागावी, आणि कागदपत्रांच्या यादीत पदवीची गुणपत्रिका, आधार आणि बँकेचं पासबुक एवढंच असावं. रहिवासी दाखला, कुठल्याही राज्याचा, मागू नये.